बर्फाशिवाय

आमच्या घरातून मुंबईला जे काही निघतं ते बर्फात निघतं. सुरमई, पापलेट, कोळंबी हा तर आमचा धंदाच, पण एका गणपतीत मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायच्या उकडीच्या मोदकांनाही बाबांनी खाली-वर बर्फ लावला होता. मोदक पोचले तेव्हा त्यांचे दगड झाले होते. नातेवाइकांनी फोन करून विचारलं, हे खायचे की गणपतीसमोर फोडायचे? त्यात चुकलं काय ते बाबांना कधीच कळलं नाही. माल हातातून सुटला की त्यावर बर्फ पडलाच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत, आणि त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढल्यावर ते माझंही झालं.

बाबा आधी तांडेल होते, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते बोटीवरून धक्क्यावर उतरले आणि मासळी भरून मुंबईला पाठवायचं काम त्यांनी सुरू केलं. मिरजोळ्याच्या फॅक्टरीतून बर्फाच्या लाद्या येतात. त्यांचा चुरा करायचा, क्रेटमध्ये बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ, आणि संध्याकाळी सातला टेम्पो रवाना. बी.कॉम. झाल्यावर मी दोन महिने एका ऑफिसात बसून पाहिलं आणि कंटाळून धक्क्यावर परत आले. लग्न केलं नाही. त्यावर आमच्या आळीत सगळ्यांचं बोलून झालंय. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझा आवाज मोठा आहे, राग नाकाच्या शेंड्यावर आहे, आणि धक्क्यावर या दोन्हींचा उपयोग होतो. मी आत्यावर गेले आहे असं सगळे म्हणतात. बाबांची ही धाकटी बहीण दारोदार मासळी विकायची आणि ती आलेली आळीच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. मी दहा वर्षांची असताना ती छातीच्या गाठीने गेली.

बाबांना लघवीचा त्रास होता तो त्यांनी बराच काळ लपवला. मुलीला काय सांगायचं, म्हणून. पाठ दुखायला लागली तेव्हा म्हणाले, क्रेट उचलून दुखते. सत्तरीतला माणूस क्रेट कशाला उचलतो, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले. ते ओरडणं मला अजून टोचतं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो कमरेच्या आणि पाठीच्या हाडांत पोचलाय. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. हा कॅन्सर पुरुषांच्या हार्मोनवर पोसला जातो आणि ते इंजेक्शन त्याचा पुरवठा तोडतं. दोन वर्षं बरी गेली. बाबा रोज सकाळी धक्क्यावर यायचे, एका उपड्या क्रेटवर बसायचे आणि आम्ही भरलेल्या प्रत्येक खोक्यात खोट काढायचे.

मग या कॅन्सरची वाढ दाखवणारा रक्तातला आकडा पुन्हा चढायला लागला. इंजेक्शन चालू असतानाच.

आमचे डॉक्टर मुंबईचे, पण महिन्यातून एकदा रत्नागिरीत येतात. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. ते म्हणाले, आता पुढचं औषध ठरवायचं तर हा कॅन्सर आतून कसा आहे ते कळायला हवं. अगदी सुरुवातीला तपासायला काढलेला गाठीचा तुकडा जुना होऊन वाचण्यापलीकडे गेला होता. म्हणून कमरेच्या हाडात सुई घालून नवा तुकडा काढायचं ठरलं. त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. आयुष्यात वादळातून बोट आणलेल्या माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, हाती आलं ते नुसतं हाड, त्यातून काही वाचता येत नाही. मी टेबलावर हात आपटला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "हाडाच्या बाबतीत होतं असं. आता आपण रक्ताला विचारू."

मला वाटलं, समजूत काढताहेत. हाडात सुई घालून जे सापडलं नाही ते दंडातून रक्त काढून सापडणार?

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. कॅन्सरच्या पेशी सारख्या मरत असतात, फुटत असतात. फुटताना त्यांच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात पडतात आणि वाहत राहतात. आपल्या चांगल्या पेशींचेही पडतात, बरेचदा तेच जास्त. पण कॅन्सरच्या तुकड्यांवर त्याच्या स्वतःच्या चुका लिहिलेल्या असतात. यंत्र ते सगळे तुकडे वाचतं, चुकांवरून कॅन्सरचे वेगळे काढतं आणि त्यावरून सांगतं, हा कुठल्या प्रकारचा. कारण प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणून बाहेरून सगळे सारखे दिसले तरी आतून ते एक नसतात. कुणात हार्मोनची वाट बदललेली असते, कुणात पेशीची दुरुस्ती करणारं जनुकच बिघडलेलं असतं, आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. बाबा मात्र पुढे सरकून बसले.

"म्हंजे मासा नाय बघायचा," ते म्हणाले. "पानी बघायचं."

डॉक्टरांना कळलं नाही. मग बाबांनी त्यांना शिकवलं. बाबांच्या काळात बोटीवर मासळी शोधायची यंत्रं नव्हती. तांडेल नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून पाणी बघायचा. बांगड्याचा थवा खाली असला की पाण्यावर बारीक शिरशिरी उठते, वारा नसतानाही. तारलीचं पाणी तेलकट दिसतं, आणि नाक असलेल्या माणसाला त्याचा वास येतो. पाण्याचा रंग, त्यावरचे पक्षी, फेस, सगळं बघून तांडेल सांगणार की खाली काय आहे, आणि मग त्या मासळीचं जाळं पडणार. एक मासा डोळ्यांना दिसायच्या आधी.

"तुमी तेच करताय," बाबा म्हणाले. "फक्त पानी माजं हाय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसले आणि म्हणाले, "काका, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार."

"आनि पान्यात कायच दिसलं नाय तर?"

"तसंही होतं," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी कॅन्सरचे तुकडे इतके थोडे असतात की वाचता येत नाहीत. पण तुमचा आकडा चढतोय. सापडतील असं वाटतं."

काय पणाला लागलंय ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुरुस्तीचं जनुक बिघडलेलं निघालं तर त्यावर गोळ्या आहेत, घरी बसून घ्यायच्या. तसं नसलं, किंवा काही कळलंच नाही, तर सलाईनमधून केमो, आणि बाबांची प्रकृती बघता ती मुंबईलाच, दर तीन आठवड्यांनी. मागच्या वेळी मुंबईला नेलं तेव्हा बाबा गाडीच्या मागच्या सीटवर आडवे होते आणि हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला तोंडात टॉवेल धरत होते. परत आल्यावर त्यांनी मला एकच सांगितलं होतं. जे दिवस उरलेत ते मला धक्क्यावर दे. डॉक्टर पुढच्या महिन्यात येतील तोपर्यंत उत्तर आलं तर ठीक, नाहीतर ते केमो सुरू करणार होते.

रक्त रत्नागिरीतल्याच एका लॅबमध्ये काढायचं होतं. तिथली रक्त काढणारी मुलगी हेदवीकडची, हाताची हलकी. बाबांची शीर सापडायला तिला वेळ लागला, तिसऱ्यांदा टोचल्यावर दोन नळ्या भरल्या. या नळ्यांत आधीच काहीतरी औषध असतं. तिने त्या हळूच उलट्या-सुलट्या केल्या, मोजून दहा वेळा, आणि खोक्यात घातल्या. बाबांना चक्कर आली म्हणून मी त्यांना घेऊन घरी गेले. ती मला काही सांगत होती, मी "हो हो" म्हणत होते. कुरिअरवाला सहाला येऊन खोका नेणार होता.

साडेसहाला लॅबमधून फोन. कुरिअरची गाडी हातखंब्याला बंद पडली, तो उद्या येईल.

उद्या! आमच्या धंद्यात उद्या हा शब्द नाही. आज निघालेला माल उद्या पहाटे मुंबईत असतो आणि उद्या निघालेला माल मांजराला. ऑक्टोबर होता, उकाडा मी म्हणत होता. बाबांचं रक्त रात्रभर टेबलावर पडून राहणार या विचाराने माझं डोकं फिरलं. मी स्कूटर काढली, लॅब गाठली. ती मुलगी घरी गेली होती, तिथे बसलेल्या माणसाने माझा आवाज ऐकून मुकाट्याने खोका दिला. खोक्यावर चारी बाजूंनी इंग्रजीत काहीबाही छापलेलं होतं. मी बी.कॉम. आहे, मला इंग्रजी वाचता येतं. वाचलं नाही.

धक्क्यावर टेम्पो भरून तयार होता. मी स्वतःच्या हाताने नवं थर्माकोलचं खोकं घेतलं. बर्फाचा अगदी मऊ चुरा निवडला, सुरमईला लावतो तसा. रक्ताच्या खोक्याला प्लास्टिकच्या तीन पिशव्या घातल्या, म्हणजे पाण्याचा थेंब लागायला नको. खाली बर्फ, वर बर्फ, चारी अंगांनी बर्फ. झाकणाला चिकटपट्टी. ड्रायव्हर आमचा जुना, त्याला पत्ता दिला आणि सांगितलं की मासळी मागाहून उतरव, हे आधी. घरी येऊन बाबांना सांगितलं, "पाठवलं बघा. आजच." ते समाधानाने म्हणाले, "बर्फ नीट लावलास ना गो?"

इतकं नीट पॅकिंग मी जन्मात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लॅबमधून फोन आला. बाई फार सभ्य होत्या. आधी त्यांनी विचारलं, खोक्याला मासळीचा वास येतोय तो कशामुळे. मग म्हणाल्या, नमुना बाद झालाय. या नळ्या नेहमीच्या हवेतच राहायला हव्या होत्या. त्यातलं औषध रक्ताच्या पेशींना दिवसचे दिवस सांभाळतं, पण गारठल्या की त्या फुटतात, आणि त्या चांगल्या पेशींचा डीएनए सगळ्या नमुन्यात पसरतो. कॅन्सरचे मूठभर तुकडे त्यात हरवून जातात. खोक्यावर लिहिलं होतं मॅडम, बर्फात ठेवू नये म्हणून.

मी गोदामामागे जाऊन बसले. आयुष्यात मी पुष्कळ लोकांना मूर्ख म्हटलंय, त्या प्रत्येकाची मनात माफी मागितली. टेबलावर नुसतं पडून राहिलं असतं तरी ते रक्त चाललं असतं! मी काही केलं नसतं तरी चाललं असतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आणि बाबांच्या दंडावर काळानिळा डाग होता, बोट लावलं तरी दुखायचा.

सांगायला तर हवं होतं. ते खाटेवर पडून रेडिओ ऐकत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, बर्फासकट, तीन पिशव्यांसकट. ते छताकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"अगो," ते म्हणाले, "जित्तेपनीच बर्फात घातलंस मला?"

आणि असे हसले की कमरेतून कळ आली तरी थांबेनात. मी हसता हसता रडायला लागले, मग नुसतीच रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मीच शिकवलं ना तुला," म्हणाले. "पानी गढूळ केलंस तू. बस. परत निवळंल."

आठवड्याने पुन्हा रक्त काढलं. या वेळी मी त्या हेदवीच्या मुलीचा शब्द न शब्द ऐकला. तिने सांगितलं, खोलीचं तापमान. बाबांनी विचारलं, "खंयची खोली? आमची का साहेबांची एसीवाली?" ती हसली. म्हणाली, "काका, तुम्हाला जिथे बरं वाटतं ना, तिथे या नळ्यांनाही बरं वाटतं." मग तिने आम्हाला एक गोष्ट दाखवली. बाबांच्या नेहमीच्या तपासणीची दुसरी एक नळी यंत्रात फिरवून झाली होती. खाली लाल गाळ बसला होता आणि वर फिकट पिवळं, स्वच्छ पाणी उभं होतं. "मुंबईला या नळ्याही अशाच फिरवतील," ती म्हणाली. "तुकडे त्या पिवळ्या पाण्यात असतात." बाबांनी ती नळी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. डोळे बारीक केले. ते नाळेवर कसे उभे राहत असतील ते मला तेव्हा दिसलं. मी त्यांना बोटीवर काम करताना कधी पाहिलं नव्हतं, बायकांनी बोटीवर जायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

"दिसत तर कायच नाय," ते पुटपुटले. नळी परत देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली, प्रसाद देतात तशी.

कुरिअरवर माझा विश्वास उरला नव्हता आणि टेम्पोवर लॅबचा. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने स्वतः निघाले. खोका मांडीवर. ऊन लागेल म्हणून खिडकीचं शटर ओढलं, पंख्याचा वारा लागेल म्हणून ओढणी घातली, मग ओढणीने गरम होईल म्हणून काढली. एवढी काळजी मी तान्ह्या मुलाचीही केली नसती. एकामागून एक बोगदे जात होते आणि मी विचार करत होते की माझ्या मांडीवर नक्की काय आहे. दोन नळ्या. पण त्यांत बाबांच्या कमरेतला, पाठीतला, कुठल्या कुठल्या हाडातला तो आजार आपल्या हातची अक्षरं टाकून गेलाय. जिथे सुई पोचली नाही तिथली बातमी या चार चमचे रक्तात आपसूक वाहत आली आहे, आणि ती वाचणारं कुणीतरी जगात आहे.  देवळात जे वाटायला हवं आणि मला फारसं कधी वाटत नाही, ते मला त्या गाडीत वाटलं.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. चिपळूणपासून त्यांची नजर खोक्यावर. शेवटी विचारलंच, "काय आहे गं त्यात? इतकं जपून नेतेस ते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा."

आजींनी चटकन हात जोडले, डोळे मिटले. त्यांना वाटलं अस्थी आहेत. मी इतकी दचकले की ओरडलेच, "अहो आहेत ते! धक्क्यावर बसलेत!" आजूबाजूची चार माणसं बघायला लागली. मग सगळं सांगावं लागलं. आजींना रक्ताचं किती कळलं कोण जाणे, पण उतरताना त्यांनी खोक्याला एक बोट लावून ते स्वतःच्या कपाळाला लावलं.

पुढचे तीन आठवडे बाबा रोज धक्क्यावर आले, पण खोट काढेनात. हे वाईट लक्षण होतं. चालताना ते माझ्या खांद्यावर भार टाकायचे आणि तो भार रोज थोडा वाढायचा. एकदा मी मुद्दाम एका क्रेटमध्ये बर्फ कमी लावला. त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मी तो क्रेट गुपचूप परत भरला.

डॉक्टर आले त्या दिवशी रिपोर्ट त्यांच्या समोर होता. पुष्कळ पानं, रंगीत पट्ट्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, बाबा त्यांच्या हातांकडे.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले.

रक्तात तुकडे होते, भरपूर होते, आणि ते स्पष्ट बोलत होते. दुरुस्तीचं जनुक मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, पेशीत रोज काही ना काही मोडतं आणि ते जोडायची पेशीची आपली व्यवस्था असते. या कॅन्सरच्या पेशींतली एक व्यवस्था बंद आहे, त्या दुसरीवर कसंबसं भागवताहेत. ही गोळी ती दुसरीही बंद करते. मग मोडलेलं जोडायला कुणी उरत नाही आणि पेशी मरते. चांगल्या पेशींची पहिली व्यवस्था शाबूत असते, म्हणून त्या बऱ्याचशा तगतात.

"जाळं फाटलं आनि शिवायला मानूस नाय," बाबा म्हणाले.

"अगदी तेच. पण आजार मुळासकट जाणार नाही, काका. वेळ मिळेल. किती, ते आज सांगता येणार नाही."

बाबांनी मान हलवली. दाराबाहेर आल्यावर ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बगितलंस? हाडातला आजार, आनि पान्यावरून वळखलान. मी तीस वर्सं पानी बगितलं गो, पन ह्यो तांडेल मोठा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण बरे होऊ म्हणून नव्हे, आपल्यापेक्षा मोठा तांडेल पाहिला म्हणून. मला त्यांच्याबद्दल इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना वाईट गेला, अन्नावर वासना नाही, अंगात रक्त कमी, एकदा रक्त चढवावं लागलं. पण आकडा उतरला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा उतरला. एका सकाळी बाबा माझ्या खांद्यावर हात न ठेवता धक्क्यावर आले, उपड्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, "ह्या कोलंबीला बर्फ कुनी लावलान? की नुसता दाखवलान?" मी गोदामात जाऊन हसले.

इथे हे संपलं असतं तर बरं होतं. पण पाण्याने एवढंच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या दिवशीच म्हटलं होतं की ही मोडतोड फक्त कॅन्सरमध्ये झालीय की बाबा ती जन्मापासून घेऊन आलेत, हे वेगळं तपासावं लागेल. ती तपासणीही झाली होती. तिचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टर नेहमीपेक्षाही हळू बोलले. जन्मापासूनच आहे. आई किंवा वडिलांकडून आलेलं. मुलांना जाण्याची शक्यता निम्मी. बायकांमध्ये त्याने स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून मुलीची तपासणी करून घ्या. घाबरायचं कारण नाही, आधी कळलं तर पुष्कळ काही करता येतं. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या घरात कुणाला..."

बाबांच्या आधी उत्तर मी दिलं. "आत्याला," म्हटलं.

त्या दिवसापासून बाबा धक्क्यावर यायचे थांबले. पाय चालत होते, आकडा उतरत होता, भूक लागत होती. तरी येईनात. खाटेवर बसून अंगणाकडे बघत राहायचे. मी चिडले, आरडाओरडा केला, एकदा ताटही आपटलं. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले तेव्हा ते म्हणाले, "तुजी आत्या गेली तवा मी बोटीवर होतो. आनि आता तुला ह्ये मीच दिलं. जन्मभर बर्फ लावून सगल्यांचं सगलं जपलं, आनि पोरीला नासकं दिलं."

  मी त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मग म्हटलं, "निम्मी शक्यता म्हणालेत. आणि असलं तरी आत्याला कुणी पाणी बघून सांगितलं नव्हतं. मला सांगताहेत." त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

माझं रक्त काढायचं त्या दिवशी मी एकटीच निघाले होते. चप्पल घालत होते तेव्हा मागे बघितलं, तर बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून उभे. लग्नाला जातात तो. "चल," म्हणाले.

लॅबमध्ये त्याच मुलीने माझं रक्त काढलं. माझी शीर पहिल्या झटक्यात सापडली. नळी भरल्यावर ती हलवायला जाणार, तर बाबांनी हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी ती नळी घेतली.  एक, दोन, तीन, असं ओठांत मोजत त्यांनी ती दहा वेळा हळूच फिरवली. ही नळी साधी होती, तिला एवढं सगळं लागत नव्हतं. तरी त्या मुलीने त्यांना ती फिरवू दिली.

मग त्यांनी ती खोक्यात घातली, खोका बंद केला आणि बाकावर बसून मांडीवर घेतला. कुरिअरवाला यायला अजून तास होता. मी म्हटलं, बाबा, इथे ठेवून जाऊ या, ते नेतील. ते हलले नाहीत. पंख्याचा वारा येत होता तर त्यांनी खोक्यावर हात धरला.

कुरिअरवाला आला. उन्हातून आलेला, घाईत असलेला. त्याने खोका घेतला आणि सवयीने विचारलं, "काका, आईस पॅक टाकू का सोबत?"

इतकी वर्षं ज्या माणसाने बर्फाशिवाय काही घराबाहेर जाऊ दिलं नाही, तो माणूस उठून उभा राहिला.

"बर्फ नको रे," बाबा म्हणाले. "माजी पोर हाय ती. जित्ती हाय."